"हा बापावर गेलाय"

"मॅडम, हा बापावर गेलाय." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आई मुलाला पुढे ढकलत माझ्या समुपदेशनाच्या खोलीत शिरली की ते आधीच माझ्या कानात वाजतं. नवऱ्याचा मार सोसलेल्या बाईची धास्ती पुढे मुलावर येऊन बसते. उद्या सूनही माझ्यासारखीच रडणार का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या दर ४ विवाहित बायकांपैकी साधारण एकीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं होतं. त्या घरांत मुलंही असतात.

भांडुपच्या चाळीतली ही माय-लेकरं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). मुलगा बारावीला. बहिणीने मोबाइल दिला नाही म्हणून त्याने तिचा दंड असा पिरगळला की वळ उठले. बाप ३ वर्षांपूर्वीच घर सोडून गेलेला.

पहिल्या ३ भेटींत तो "हो", "नाही", "माहीत नाही" यापलीकडे गेला नाही. आईची टकळी मात्र चालू. चौथ्या वेळी ती म्हणाली, "लहानपणापासून असाच हा. मी आत मार खायचे आणि हा बाहेर टीव्ही मोठा करून कार्टून बघायचा."

मी त्याला विचारलं, "किती मोठा?"

"फुल."

"आणि बहीण कुठे असायची?"

तो चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "मांडीवर. आतला आवाज आला की घाबरून शू करायची ती. टीव्ही मोठा केला की तिकडे बघायची."

आई त्याच्याकडे बघतच राहिली. "मला वाटायचं, तुला काहीच वाटत नाही."

मी एक शब्द बोलले नाही. अशा वेळी तोंड बंद ठेवायला मला कितीतरी वर्षं लागली, आता जमतं.

माझा भर रक्तापेक्षा घरात कोणी कोणती जागा धरली, यावर असतो. आठ वर्षांच्या पोराने बहिणीला सांभाळायची जागा धरली होती, आणि ती कोणाला दिसलीच नव्हती. म्हणून आयांना माझं सांगणं: "बापावर गेलाय" हे आजपासून बंद. मुलगा ते नाव सांगितल्याबरहुकूम चालवतो. पण वळ उठले त्याची सूटही द्यायची नाही. त्याने बहिणीची माफी मागितली, आणि "तुझा राग आला तर मी काय करू?" हे तिलाच विचारलं. ती म्हणाली, "गॅलरीत जा." तो जातो.

एवढं माझ्या खोलीत होतं. पुढचं होत नाही, त्याला बरोबरीची पोरं लागतात. २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा बाईला संरक्षण आदेश देतो, घरात राहण्याचा हक्क देतो, पण "बायकोला एक ठेवून द्यायलाच लागते" असं नाक्यावर कोणी म्हणालं तर "का रे?" विचारणारा मित्र कायद्यातून येत नाही. मुंबईत 'मावा'सारखी (मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज) संघटना १९९३पासून तरुण मुलग्यांशी हेच बोलते आहे. आमच्या वस्तीतही एक ताई रविवारी असा गट घ्यायची. हा मुलगा तिथे गेला, पथनाट्यात शेजाऱ्याचं काम केलं. दार वाजवणाऱ्या शेजाऱ्याचं.

मार्चमध्ये या गटाचं अनुदान संपलं. मी एका मोठ्या कंपनीच्या सीएसआर, म्हणजे समाजकार्याच्या निधीच्या, समितीपुढे गेले. नफ्यातले २ टक्के कुठेतरी द्यायचेच असतात, म्हटलं इथे द्या. एक साहेब म्हणाले, "वर्षभरात किती केसेस कमी होतील?"

म्हटलं, "आधी वाढतील. पोरं बोलायला लागली की आयाही बोलतात. तुमच्या तक्त्यात ते अपयश दिसेल. आणि १२ महिन्यांत नाक्याची भाषा बदलत नाही, निदान ३ वर्षं द्या."

त्यांनी लिहून घेतलं.

सध्या गट गणेश मंडळाच्या खोलीत भरतो. विजेचं बिल मंडळ भरतं. ताईच्या मानधनाचं अजून काही ठरलेलं नाही.