‘संवेदनशील त्वचेसाठी सुरक्षित’ ही छापील हमीच आहे

प्रश्न : मी सांगलीत राहतो. ‘संवेदनशील त्वचेसाठी सुरक्षित’ असे छापलेले दाढीचे क्रीम घेतले. दुसऱ्याच वापरानंतर गाल सुजले, मानेवर पुरळ उठून पाणी झरू लागले. त्वचारोगतज्ज्ञांनी स्पर्शजन्य ॲलर्जीचे निदान लिहून दिले. उपचारांना साडेसहा हजार रुपये लागले. कंपनीने ईमेलने कळवले, ‘आपली त्वचाच नाजूक आहे.’ दुकानदाराने पावती दिली नव्हती, खोकेही मी टाकून दिले. भरपाई मिळेल का?

उत्तर : मिळू शकते. कंपनीचा ईमेल मात्र जपून ठेवा, कारण तो तिलाच अडचणीत आणणारा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ प्रमाणे माल सदोष निघाला तर उत्पादक जबाबदार असतोच. पण वस्तू स्पष्ट हमीला उतरली नाही, किंवा इजा टाळण्यासाठी पुरेशी सूचना वा इशारा तिच्यावर नव्हता, तरीही तो जबाबदार ठरतो, आणि हमी देताना आपला निष्काळजीपणा नव्हता हे त्याने सिद्ध केले तरी हमीभंगातून त्याची सुटका होत नाही. ज्या त्वचेसाठी क्रीम सुरक्षित असल्याचे छापले, तीच त्वचा नाजूक निघाली म्हणून हात झटकणे कंपनीला जड जाईल. ट्यूबवर असा दावा नसता, तर मी इतक्या खात्रीने लिहिले नसते. सुगंधी द्रव्याची किंवा परिरक्षकाची (क्रीम खराब होऊ नये म्हणून घातलेल्या द्रव्याची) ॲलर्जी एखाद्यालाच होते, आणि तेवढ्याने माल सदोष ठरत नाही.

खोके गेले तरी ट्यूब आहे ना? तिच्या चिमटलेल्या कडेवर बॅच क्रमांक ठोकलेला असतो. पिळताना ती कड गुंडाळली गेली असेल, तर हळूच उलगडून तिचे आणि घटकांच्या यादीचे छायाचित्र काढा. ट्यूब त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या साधारण ४८ तासांनी काढून नेमका कोणता घटक बाधला हे त्यांना पाहता येते. ते क्रीम स्वतःच पुन्हा गालाला लावून पाहू नका.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ प्रमाणे विकत घेतलेले प्रसाधन शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडे तपासणीला देता येते. पण उघडलेल्या ट्यूबमध्ये बाहेरून काही मिसळले, असा बचाव हमखास येतो. म्हणून त्याच बॅचची सीलबंद ट्यूब मिळाल्यास घ्या, आणि या वेळी बिल मागून घ्या. यादीत नसलेला घटक आत सापडला, तर अन्न व औषध प्रशासनाकडेही लेखी तक्रार करा.

पहिल्या खरेदीसाठी यूपीआयची नोंद असल्यास ती पुरावा म्हणून चालते. पावती न देणे ही त्याच २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेव्हा दुकानदारालाही पक्षकार करा.

तक्रार सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. उपचारखर्चासोबत शारीरिक इजेमुळे झालेल्या मनस्तापाची भरपाईही मागा. दरम्यान कंपनीने नवी ट्यूब किंवा व्हाउचर देऊ केले आणि सोबत ‘तक्रार मिटली’ असा कागद पुढे केला, तर त्यावर सही करू नका.