कोल्हापुरात राहून वंशसंहाराविरुद्ध जागृती आणि निर्वासितांना मदत, यासाठी आम्ही चार-पाच जण काय करू शकतो?

तुमचा प्रश्न मला असा कळला: तुम्ही कोल्हापुरात कॉलेजात शिकता. गाझा, सुदान, रोहिंग्या यांच्या बातम्या वाचून झोप उडते. चार-पाच मित्रमैत्रिणी तयार आहेत, पण बिंदू चौकात फलक घेऊन उभं राहण्यापलीकडं काही सुचत नाही, आणि घरचे म्हणतात, तिकडच्या भानगडी आपल्याला कशाला. मी शाळेत इतिहास शिकवते. आमचा एक लहानसा गट बरीच वर्षं हेच काम करतोय; नोंदणी नाही, कार्यालय नाही. त्या अनुभवावरून सांगते.

सुरुवात कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावापासून करा.

सप्टेंबर 1939 मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीनं आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियानं हल्ला केला. पूर्व पोलंडमधली लाखो माणसं 1940-41 मध्ये मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेली गेली. जून 1941 मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा कुठं स्टालिननं त्यांना सोडायचं कबूल केलं. त्यातली काही इराणमार्गे बाहेर पडली आणि त्यांच्यापैकी सुमारे 5 हजार, बहुतेक बायका आणि मुलं, 1943 ते 1948 या काळात आपल्या वळिवड्याच्या छावणीत राहिली. तिथं त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. त्याआधी, 1940 च्या वसंतात, रशियातल्या कातिनच्या जंगलात आणि इतर ठिकाणी सुमारे 22 हजार पोलिश अधिकारी आणि कैदी गोळ्या घालून मारले गेले, आणि सोव्हिएत सरकारनं ते कबूल केलं 1990 मध्ये. छावणीत वडिलांच्या पत्राची वाट बघणारी मुलं होती, ती या इतिहासामुळं.

युद्ध संपलं, तरी परत जायला घर उरलं नव्हतं. त्यांची गावं सोव्हिएत हद्दीत गेली होती. मग कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी कॅनडाला गेलं. आणि त्याच रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली. आज आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो ते गांधीनगर म्हणजे ही जागा.

हे सगळं आधी सांगायचं कारण साधं आहे. ‘रवांडा’ असा विषय फलकावर लिहिला तर मूठभर माणसं येतात, तीही आपल्याच ओळखीची. ‘वळिवड्याचे पोलिश’ लिहिलं की पेठेतली वयस्कर मंडळी येतात, दुकानदार येतात, नातवाला घेऊन आजोबा येतात. कुणाच्या वडिलांनी छावणीत दूध घातलेलं असतं, कुणाची आई तिथं भाजी विकायला जायची. एकदा माणूस बोलायला लागला की त्याला रवांडापर्यंत नेणं अवघड नाही. सगळ्यांना एक दिवस महावीर गार्डनमध्ये न्या. तिथं या पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ आहे. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात तर चक्क कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधान मोदींनी तिथं पुष्पचक्र वाहिलं, तेव्हा कोल्हापुरातल्याच कितीतरी जणांनी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली.

मात्र खोटा मोठेपणा घेऊ नका. कार्यक्रमात कुणीतरी उठून सांगतंच की या लोकांना शाहू महाराजांनी आसरा दिला. शाहू महाराज 1922 मध्येच गेले. छावणीचा खर्च सुरुवातीला लंडनमधलं पोलंडचं परागंदा सरकार करत होतं. हे स्पष्ट सांगा. कोल्हापूरनं जे केलं ते एवढं: परक्या लोकांना पाच वर्षं शेजारी म्हणून राहू दिलं, त्यांच्याशी व्यवहार केला, त्यांच्या मुलांना त्रास दिला नाही. माझ्या मते हे कमी नाही, आणि जसंच्या तसं सांगितलं तरच ऐकणाऱ्याला वाटतं की हे आपल्यालाही जमेल.

आता मदतीकडं येते, कारण तुमच्या प्रश्नाचा हाच भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

आम्ही मुलांना गांधीनगरला घेऊन गेलो होतो, तिथं ऐंशी पार केलेल्या एका सिंधी आजी भेटल्या. मुलांना वाटलं, त्या फाळणीतल्या कापाकापीचं सांगतील. त्या बोलल्या उधारीबद्दल. त्यांचे वडील आले तेव्हा अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नव्हतं. धंदा येत होता, पण भांडवल नव्हतं आणि ओळखीचं कुणी नव्हतं. इचलकरंजीच्या एका कापडवाल्यानं त्यांना पहिला गठ्ठा उधार दिला. लिहून घेतलं नाही, जामीन मागितला नाही. पुढच्या बाजारी पैसे आणून द्या म्हणाला. वडील खांद्यावर कापड टाकून हातकणंगल्यापासून गावोगावचे बाजार करायला लागले. आजी म्हणाल्या, “रोटी तो कॅम्पात भी मिलत होती. पण विश्वास त्यानं ठेवला ना, तो पहला माणूस.” आमच्या मुलांनी हे वाक्य वहीत जसंच्या तसं लिहून घेतलंय.

मला हे फार खरं वाटतं. निर्वासित माणूस अडतो तो जामिनावर. घर भाड्यानं घ्यायचं तर ओळखीचं कोण, शाळेत घालायचं तर दाखला कुठाय, खातं काढायचं तर पत्ता कुठला. प्रत्येक खिडकीवर त्याला कुणीतरी ‘हा माझा माणूस’ म्हणणारं लागतं, आणि नेमकं तेच मागं राहिलेलं असतं. तुम्ही चार-पाच जणं हे काम करू शकता, त्याला पैसा लागत नाही.

कोल्हापुरात निर्वासित कुठं आहेत असं विचाराल. छावणी शोधू नका. परदेशातून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांकडं बघा. पुण्यात तर सुदान, येमेन, अफगाणिस्तानची मुलं वर्षानुवर्षं शिकतायत. मुलगा येतो तो विद्यार्थी म्हणून. मग देशात युद्ध पेटतं, घरून पैसे यायचे बंद होतात, पासपोर्टची मुदत संपत येते आणि नवा कुठून काढायचा ते कळत नाही. सुदानमध्ये एप्रिल 2023 मध्ये युद्ध सुरू झालं, 1 कोटीहून जास्त माणसं घराबाहेर पडली. आमच्या ओळखीच्या एका सुदानी मुलाचं घर खार्तूममध्ये होतं; आईवडील कुठल्या गावाला आहेत हे त्याला कित्येक दिवस कळत नव्हतं. त्या काळात त्याला खोली सोडायला सांगितली होती. घरमालक वाईट माणूस नव्हता, घाबरला होता. परदेशी भाडेकरू ठेवला की चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते; त्या फॉर्मला तेव्हा सी-फॉर्म म्हणायचे. तो कसा भरायचा हे त्याला ठाऊक नव्हतं आणि पोलीस दारात येतील ही धास्ती. आमच्यातल्या दोघांनी त्याच्याबरोबर बसून फॉर्म भरला, मुलाची नोंदणीची कागदपत्रं नीट लावून दिली, स्वतःचे फोन नंबर दिले. खोली राहिली. पुढं त्याच घरमालकानं रमजानात त्याच्यासाठी पहाटे चहा ठेवला.

इथं एक गोष्ट बजावून सांगते. भारतानं 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडं निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांच्याकडं सरकार स्वतः बघतं. म्यानमार, अफगाणिस्तान, सोमालिया अशा देशांतल्यांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था दिल्लीतून करते. म्हणून ज्याच्या कागदपत्रांत अडचण आहे त्याला तुम्ही स्वतः सल्ला देऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात न्या किंवा जाणकार वकिलाकडं न्या. तुमच्या चांगल्या हेतूनं दिलेल्या एका चुकीच्या सल्ल्यापायी त्या माणसाला देश सोडावा लागू शकतो. त्याचा फोटो, नाव, गाव कुठंही टाकू नका, तो हो म्हणाला तरी टाकू नका. मागं राहिलेल्या नातेवाइकांना त्याची किंमत मोजावी लागते.

पैसे गोळा करायचे असतील तर नोंदणीकृत संस्थेलाच द्या आणि पावती घ्या. व्हॉट्सअॅपवर आलेल्या क्यूआर कोडवर एक रुपयाही टाकू नका. जुने कपडे गोळा करू नका. 2019 च्या महापुरात शिरोळकडं कपड्यांचे ढीग भिजत पडलेले आपण सगळ्यांनी बघितलेत, आणि तेव्हा लोक मागत होते फिनेल, झाडू आणि चुलीपुरतं रॉकेल.

जागृतीच्या कार्यक्रमात काय सांगायचं? आम्ही कायद्यापासून सुरू करतो, कारण त्यानं आवाज खाली येतो. वंशसंहाराविरुद्धचा करार संयुक्त राष्ट्रांनी 9 डिसेंबर 1948 रोजी केला, भारतानं तो 1959 मध्ये मान्य केला. एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक समूह नष्ट करायचा हेतू असला पाहिजे ही त्यातली मुख्य अट. मारणं हा एक प्रकार. जगणंच अशक्य होईल अशी परिस्थिती लादणं, जन्म रोखणं, मुलं हिसकावून दुसऱ्या समूहात देणं, हेही त्यात येतं. प्रत्येक कत्तलीला वंशसंहार म्हणू नका. कातिनबद्दलही जाणकारांत याच अटीवरून वाद आहे. पण निकालाची वाट बघत गप्पही बसू नका. बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात जुलै 1995 मध्ये 8 हजारांहून जास्त पुरुष आणि मुलगे मारले गेले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल आला 2007 मध्ये. त्याच निकालात न्यायालयानं म्हटलंय की गंभीर धोका आहे हे कळलं, त्या क्षणापासून रोखण्याची जबाबदारी सुरू होते. रोहिंग्यांबद्दल गांबियानं 2019 मध्ये आणि गाझाबद्दल दक्षिण आफ्रिकेनं 2023 मध्ये खटला भरला तो याच कराराखाली, आणि दोन्हींत न्यायालयानं तातडीचे आदेश दिले. एवढं सांगितलं तरी ऐकणाऱ्याच्या हातात काहीतरी ठोस पडतं.

मग रवांडा. 1994 मध्ये सुमारे शंभर दिवसांत 8 लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी जमातीची. ओळखपत्रावर जमात छापलेली असायची, नाक्यानाक्यावर तेवढं बघून माणूस बाजूला काढायचे. त्याच्या आधी कित्येक महिने एक रेडिओ केंद्र तुत्सींना झुरळं म्हणत होतं, गाणी आणि विनोदांच्या मधे. हे शिकवताना नववीतल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, मग तो रेडिओ कुणी बंद का नाही केला?” अमेरिकेनं तो विचार केला होता. खर्च आणि कायद्याची अडचण पुढं करून सोडून दिला. हे सांगितल्यावर वर्गात जी चर्चा झाली ती मी शिकवून झाली नसती. जून 2023 मध्ये मोबाइलच्या स्टेटसवरून आपल्या शहरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. ही मुलं तेव्हा घरात कोंडून होती. दोन्ही गोष्टी एका मापाच्या नाहीत, मी त्यांना तसं सांगतही नाही. पण घरच्या ग्रुपवर एखाद्या समाजाला किडा म्हटलेलं आलं की काय करायचं, हा प्रश्न त्यांनीच काढला. आता त्यातली काहीजण तो संदेश पुढं पाठवत नाहीत आणि पाठवणाऱ्या काकांना फोन करून बोलतात. आमच्या कामाचं मला दिसलेलं सगळ्यात पक्कं फळ हे आहे.

तुम्हाला एक प्रश्न हमखास येणार: “काश्मिरी पंडितांच्या वेळी कुठं होता?” चिडू नका. आमच्या प्रदर्शनात 1990 मध्ये खोरं सोडावं लागलेल्या पंडितांचा फलक आहे, 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या सुमारे 1 कोटी माणसांचा आहे, रोहिंग्यांचा आणि गाझाचाही आहे. कुणाचं दुःख गाळलं की बाकीच्यांबद्दल बोलायचा तुमचा हक्क लोक काढून घेतात, आणि त्यात ते चुकत नाहीत.

रस्त्यावरचा कार्यक्रम करायचा तर आधी पोलीस परवानगी काढा; महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 चा जमावबंदीसारखा आदेश आपल्याकडं अधूनमधून लागू असतो. सुरुवातीला सभागृहच बरं. तारीख म्हणाल तर 20 जून हा जागतिक निर्वासित दिन आणि 26 जून ही शाहू जयंती, मधला आठवडा धरा. त्या दिवसांत दसरा चौकात गर्दी असतेच. ज्या चौकाच्या आसपास महाराजांनी वेगवेगळ्या जातीधर्माच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली, तिथं घर सुटलेल्या माणसांबद्दल बोललेलं कुणाला परकं वाटत नाही.

फलकांवर पैसे घालवू नका. आमचे मराठीत तयार आहेत, कापडावर छापलेले, गुंडाळून दुचाकीवर नेता येतात. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, तेव्हा या. गांधीनगरच्या आजींनाही भेटवते, त्यांना कॉलेजची मुलं आलेली आवडतात.