त्याला आजारच मान्य नाही, मग निर्णय कोणी घ्यायचा?

"ताई, मी गोळी कुटून वरणात घालते. पाप आहे का हो?"

निफाडकडच्या एक मावशी नाशिकला गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसून विचारत होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा सत्तावीस वर्षांचा, घरात त्याला भाऊ म्हणतात. चार वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालेलं. द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर सुरू झाला की त्या घरघरीत त्याला माणसं बोलताना ऐकू यायची, त्याच्याविषयी, त्याला संपवण्याविषयी. डॉक्टरांचं नाव काढलं की एकच उत्तर: "मला काही झालेलं नाही." आणि मावशींचा खरा प्रश्न तोच होता, जो माझ्याकडे येणारं जवळजवळ प्रत्येक घर विचारतं. ज्याला स्वतःचा आजारच कळत नाही, त्याच्या हाती निर्णय कसे द्यायचे?

आधी या 'कळत नाही'बद्दल. १९१४ साली जोसेफ बाबिन्स्की या फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञांनी त्यासाठी एक शब्द वापरला, ॲनोसॉग्नोसिया. त्यांचे रुग्ण अर्धांगवायूचे होते. शरीराची एक बाजू लुळी पडलेली, पण रुग्णाला त्याचा पत्ताच नाही. स्किझोफ्रेनियातही बऱ्याच जणांचं असंच होतं. घरच्यांना तो हट्ट वाटतो, आणि मग 'मान्य कर, मान्य कर' सुरू होतं. सुरुवातीच्या वर्षांत मीही तेच करायचे. 'मी आजारी आहे' हे वाक्य वदवून घेणं म्हणजेच समुपदेशन, असं मला वाटायचं. त्या पायी दोन मुलं माझ्याकडे यायची बंद झाली. ती रुखरुख अजून आहे.

भाऊला मामा घेऊन आले. मी चहा पुढे केला. त्यानं तो बशीत ओतला, कप तिरका करून तळाशी निरखून बघितलं आणि कपबशी बाजूला सारली. मग खिशातून न फोडलेला बिस्किटपुडा काढला. मामा म्हणाले, तीन महिने झाले, घरचं खातच नाही, दुकानातलं सीलबंद असेल तेवढंच. अन्नात कुणीतरी काही कालवतंय हा संशय या आजारात पुष्कळदा दिसतो. इथे मात्र खरोखरच कालवलं जात होतं. कालवणारी आई होती.

मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना. चार वर्षं या बाईनं मुलगा जगवला होता, आणि मी तिला तिच्याच हातचं वरण दाखवत होते. आठ दिवसांनी त्या आल्या आणि माझ्यासमोर त्याला म्हणाल्या, "भाऊ, वरणात मीच टाकत होते रे. आता नाही टाकणार."

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "माहितीये. कडू लागायचं."

त्यानंतर आजाराचं नाव मी काढलंच नाही. तुला काय हवंय, एवढंच विचारलं. "झोप. आणि यंदाची गोडी छाटणी मला करायचीय." म्हणजे द्राक्षाला घड येण्यासाठी करतात ती छाटणी. मग तो बोलतच राहिला. काडी तपासून आणल्याशिवाय कात्री लावायची नाही, काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, घड आहे का ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं, मामा उगाच घाई करतात. पर्याय, धोका, पुढचा विचार, सगळं शाबूत होतं. एका जागी भान सुटलं म्हणून ते सगळीकडे सुटत नाही, म्हणून प्रत्येक निर्णय वेगळा तपासायचा: माहिती समजते का, परिणाम कळतात का, मत सांगता येतं का. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही उपचारांच्या बाबतीत हेच बघतो. निर्णय इतरांना चुकीचा वाटतो एवढ्यावरून त्या माणसाला निर्णय घेता येत नाही असं धरता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

गोळ्या का सोडल्यास, हे त्याला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. "हात जड व्हायचे. कात्री धरवायची नाही." मानसोपचारतज्ज्ञांनी औषध बदललं आणि दोन वाटा ठेवल्या: रोज रात्री गोळी किंवा महिन्याला इंजेक्शन. मावशींना इंजेक्शन हवं होतं. खरं सांगते, मलाही तेच बरं वाटत होतं. त्यानं गोळी निवडली. अट एकच, पाकीट तो स्वतः फोडणार.

"पुन्हा त्रास वाढतोय, हे तुला कशावरून कळेल?" मी विचारलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ब्लोअर बंद असताना बोलणं ऐकू आलं तर." 'मी आजारी आहे' असं तो आजही म्हणत नाही. मला ते वाक्य आता नकोच आहे.

कायद्यानं नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात आपल्याला साथ देणारा माणूस, साध्या कागदावर सही करून नेमता येतो. त्यानं मामांचं नाव लिहिलं. मावशी बाहेरच्या बाकावर बसून रडल्या. मी शेजारी बसले आणि म्हटलं, तो कडूपणा जायला वेळ लागेल, मावशी.

जिवाला धोका असेल, खाणंपिणं सुटलं असेल, मरणाची भाषा सुरू असेल, तर मात्र वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा. काय करावं सुचत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

परवा मावशींचा फोन आला. "ताई, दोन रात्री झोपला नव्हता. सकाळी म्हणाला, आई, ब्लोअर बंद होता. आणि डॉक्टरांना फोन त्यानंच लावला."