शाळेच्या नर्सने मुलीचं वजन कमी आहे अशी चिठ्ठी पाठवली. यात नर्सचं काम नेमकं काय?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी सहावीत आहे, घरात सगळेच सडपातळ, आणि डायरीत 'वजन कमी, डॉक्टरांना दाखवा' अशी चिठ्ठी आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, 'आता शाळा शिकवणार का आपल्याला पोरीला जेवू घालायला?' मी नागपुरातच एका खाजगी शाळेत नर्स आहे. अशा चिठ्ठ्या मीच लिहिते, आणि सासूबाईंचं हे वाक्य मला नवीन नाही.

ती चिठ्ठी म्हणजे निदान नव्हे. निदान करायचा अधिकार नर्सला नाहीच. तिने नीट मोजायचं, जुन्या नोंदींशी ताडून पाहायचं, मुलीशी बोलायचं आणि गरज वाटली तर डॉक्टरकडे पाठवायचं. टॉनिक, प्रोटीन पावडर, भूक वाढवायचं सिरप यातलं काही तिने सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

मोजणं सोपं वाटतं, पण गडबड तिथेच होते. जानेवारीत मुलं बूट, स्वेटर आणि खिशातल्या कंपाससकट काट्यावर चढतात. उंची घेताना पोनी इतकी वर बांधलेली असते की दोन सेंटिमीटर फुकटचे वाढतात. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, आणि उन्हाळाभर भूक मेलेली असते, म्हणून सुरुवातीच्या एकाच मोजणीवर मी सहसा चिठ्ठी पाठवत नाही. आकडा फारच खाली नसेल तर महिनाभराने पुन्हा काट्यावर उभं करते.

आता आकडा. मोठ्यांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 18.5 च्या खाली असला तर वजन कमी धरतात, पण ती रेघ मुलांना लावायची नसते. मोबाईलवर तो काढून घाबरलेल्या आया मला दर वर्षी भेटतात. मुलांसाठी वय आणि मुलगा-मुलगी पाहून तक्ता असतो. समजा बारा वर्षांची मुलगी, उंची 142 सेंमी, वजन 28 किलो. बीएमआय आला 13.9. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलींचा मधला आकडा 18 च्या आसपास आणि कृशतेची रेघ साधारण 14.4 ला आहे, म्हणजे ही मुलगी रेघेखाली. तीच 31 किलोची असती तर 15.4, बारीक पण रेघेच्या वर. तरी मी त्या एका आकड्यापेक्षा मागच्या दोन-तीन वर्षांच्या नोंदी जास्त पाहते. अंगकाठीनेच बारीक असलेलं मूल आपल्या चालीने वाढत राहतं. उंची वाढली आणि वजन तिथंच थबकलं किंवा उतरलं, तर 'आमच्या घराण्यात सगळे असेच' हे उत्तर पुरत नाही.

मग बोलणं. हे वर्गात नाही, सिक रूममध्ये, मैत्रिणींना बाहेर पाठवून. सकाळच्या शाळेला व्हॅन सव्वासहाला दारात येते. पोरगी अर्धा कप चहा पिऊन निघते आणि पहिला घास थेट सुट्टीत. डबा उघडून पाहिला की पुष्कळ कळतं: भाजी संपलेली, पोळी तशीच, किंवा डबा रोज मैत्रिणीच्या पोटात. शाळेचं संडास घाण म्हणून काही मुली पाणीसुद्धा पीत नाहीत. आणि सहावी-सातवीत कुणीतरी 'जाडी' म्हटलं म्हणून जेवण सोडलेली मुलगीही असते. हे मी चिठ्ठीत लिहीत नाही, आईला फोन करून सांगते.

काही लक्षणं विचारणं मात्र चुकवून चालत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, उतरणारं वजन असेल तर टीबीची तपासणी हवी. सारखी तहान, रात्री उठून लघवीला जाणं आणि वजन घटणं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठून साखर तपासायची. मुलांमधल्या मधुमेहात थांबून चालत नाही. हातपाय वारंवार दुखतात, डोळे पिवळे होतात, थकवा आहे असं कळलं तर आपल्या विदर्भात सिकलसेलची (आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची) तपासणी विसरू नये. डोळ्याची खालची पापणी ओढून फिकी दिसली की हिमोग्लोबिन. जंताची गोळी घेतली का, पाळी सुरू झाली का, हेही विचारते.

सरकारी आणि अनुदानित शाळांत बहुतेक ठिकाणी कायमची नर्स नसते. तिथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तपासणीला येतं, पण रोज डबा पाहायला कुणी नसतं. तुमच्या शाळेत सिस्टर आहे, तर तिच्याकडून काम करून घ्या. मागच्या सगळ्या इयत्तांची उंची-वजनं कागदावर मागा आणि तो कागद घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. खाजगी फी जड जात असेल तर मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांची लहान मुलांची ओपीडी आहे, मात्र सकाळी लवकर जा. सिस्टरने वर्गासमोर वजन मोठ्याने वाचलं असेल, तर मुख्याध्यापिकेकडे बिनदिक्कत तक्रार करा.

डॉक्टर 'पोरगी ठणठणीत आहे' म्हणाले तरी त्यांचा कागद सिस्टरला नेऊन दाखवा, नाहीतर पुढच्या मोजणीनंतर तीच चिठ्ठी परत येईल आणि सासूबाईंचं तेच वाक्यही.