आधी ते कार्ड बाजूला काढा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. ग्रुपमधल्या एका काकांनी काढलेला फोटो सगळ्यांनी आपापल्या पद्धतीने एडिट करायचा असं ठरलं, नऊ जणांनी केला, प्रत्येकाच्या आकाशात पट्टे आलेत, आणि काकांनी "फोटो पोचला ना, मग केलं मेमरी कार्ड रिकामं" असं सांगितलं. पट्ट्यांचं नंतर बघू. आधी काकांना फोन करा. म्हणावं, कार्ड कॅमेऱ्यातून काढून डबीत ठेवा आणि त्यावर एकही नवा फोटो काढू नका. उद्या नाही, आत्ता.

मी एवढी घाई करतेय कारण आमच्याकडे अगदी हेच झालं होतं आणि चूक माझी होती.

आमचा भटक्यांचा ग्रुप. एका काकांनी डिसेंबरातल्या पहाटे वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर फोटो काढला होता. कृष्णेवर धुकं, ओल्या पायऱ्या, आणि डावीकडे ती मोठी घंटा टांगलेलं छोटं देऊळ. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तिथून आणलेल्या घंटांपैकी ही एक. काकांनी धुकं पांढरंफटक होऊ नये म्हणून उजेड बेताचा घेतला होता, त्यामुळे देवळाच्या आत नुसता काळोख दिसत होता. मला फोटो फार आवडला. मी म्हटलं, हाच घेऊ, महिनाभर सगळे यावर काम करू आणि ग्रुपच्या वाढदिवसाला प्रिंट लावू. काकांनी तो फोनवर घेऊन व्हॉट्सॲपवर टाकला. मी त्यांना लिहिलं, "पोचला काका, बाकीचं मी बघते." हे वाक्य मला आजही बोचतं. त्यावर विसंबून त्यांनी कार्ड फॉरमॅट केलं आणि पुढच्या आठवड्यात पुतण्याचं लग्न त्याच कार्डावर काढलं.

आम्ही अकरा जण होतो आणि प्रत्येकाला ती घंटा दिसायला हवी होती. पण सावली उजळायला गेलं की आत घंटेऐवजी हिरवट-जांभळे चौकोनी ठोकळे यायचे. धुक्याचा कॉन्ट्रास्ट वाढवला की जिन्यासारखे पट्टे. एकमेकांना दोष देण्यात दोन आठवडे गेले: तुझं ॲप स्वस्तातलं, तुझा हात जड. खरं कारण फाइलमध्ये होतं. काकांच्या कॅमेऱ्याची रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती, १४ बिटची: प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या. आमच्याकडे आली होती ती दाबून लहान केलेली जेपेग, तिच्यात त्या २५६ उरतात. धुक्याच्या वाट्याला त्यातल्या मोजक्याच येतात, त्या ताणल्या की पट्टे दिसणारच. शिवाय जेपेग ८ × ८ पिक्सेलच्या ठोकळ्यांत माहिती दाबतं आणि काळोखातल्यासारखे बारीक, पुसट बारकावे आधी टाकून देतं. वर व्हॉट्सॲपने ६००० × ४००० चा फोटो १६०० × १०६७ वर आणून ठेवला होता. त्या फाइलमध्ये घंटा उरलीच नव्हती, मग कोण काढणार?

तरीही प्रिंट केले, १२ × १८ इंचाचे. १८ इंचांत १६०० पिक्सेल म्हणजे इंचाला जेमतेम ८९, आणि चांगल्या प्रिंटला साधारण ३०० हवेत. लॅबचं नाव घेत नाही. तिथे पेनड्राइव्ह घेतला, अकरा प्रिंटचे पैसे आगाऊ घेतले आणि चार दिवसांनी गुंडाळी हातात दिली. फाइल लहान आहे हे एकानेही सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाले, "आम्ही आलेलं छापतो." रोज शेकडो फायली बघणाऱ्या माणसाला हे दिसत नसेल यावर माझा विश्वास नाही. गिऱ्हाईक हौशी आहे हे समोर दिसत असताना एक वाक्य बोलायला काय जातं? अजून राग येतो.

काकांनी ते प्रिंट बराच वेळ पाहिले आणि मला हळूच विचारलं, "माझा फोटो मुळात एवढा वाईट होता का गं?" नव्हता हो. त्यांनी उत्तम काढला होता, आम्ही वाया घालवला. पण दाखवायला मूळ फाइल नव्हती.

तेव्हापासून माझे नियम कडक आहेत, पटले तर घ्या. रॉ फाइल गूगल ड्राइव्हवर ठेवून लिंक द्यायची, किंवा व्हॉट्सॲपवर पाठवायचीच तर "डॉक्युमेंट" म्हणून. एडिटची फेरी संपून प्रिंट हातात येईपर्यंत फोटो काढणाऱ्याने मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवायची. रॉ फाइल एडिट करायला कॉम्प्युटरवर डार्कटेबल आणि रॉथेरपी हे प्रोग्रॅम फुकट आहेत, फोनवाल्यांना ती डीएनजी या सर्रास चालणाऱ्या रॉ प्रकारात करून दिली तर स्नॅपसीड ॲपमध्ये उघडते. शेवटची प्रत एसआरजीबीमध्येच काढा, म्हणजे बहुतेक स्क्रीन धरून चालतात त्या रंगमापात. ॲडोबी आरजीबी या जास्त रुंद रंगमापातला फोटो बऱ्याच ठिकाणी मळकट दिसतो आणि उगाच एडिट करणाऱ्यावर खापर फुटतं.

कोणाचा एडिट सरस यावर मतदान मात्र करू नका. हे माझं ठाम मत आहे, ग्रुपमध्ये काहींना पटत नाही. मतं भडक रंगांना पडतात आणि ज्याने फक्त कडा कापून चित्र उभं केलं तो मागे राहतो. त्यापेक्षा प्रत्येकाने आपण काय केलं आणि का, हे तीन-चार ओळींत लिहावं. आमच्या एका सदस्याने नदी पूर्ण काढून टाकून फक्त पायऱ्या ठेवल्या, काळ्या-पांढऱ्यात. त्याचं कारण वाचल्यावरच मला तो फोटो कळला. कोणी दुसऱ्या फोटोतला चंद्र आणून लावला तरी चालेल, पण तसं लिहायला हवं. एआयने नवं काही भरायचं असेल तर त्याची वेगळी फेरी ठेवा.

एडिट बाहेर टाकायचा तर काकांना विचारून आणि त्यांच्या नावासह. मी वकील नाही, पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ कर्त्याचं नाव आणि त्याच्या कामाची मोडतोड या दोन्हींबद्दल बोलतं. फोटोत ओळखू येणारी माणसं असतील तर त्यांनाही विचारा.

आता कार्ड. साध्या फॉरमॅटमध्ये बहुतेकदा फक्त फोटो कुठे आहेत याची यादी पुसली जाते, फोटो त्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत जागेवर असतात. काही कॅमेरे मात्र खरोखर पुसतात, त्यामुळे हमी देत नाही. फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर घ्या, कार्ड रीडरमधून कार्ड वाचा आणि सापडलेल्या फायली कार्डावर नाही, कॉम्प्युटरच्या डिस्कवर उतरवा. मूळ नावं जातात, शेकडो फायली हाताने चाळाव्या लागतात, एक संध्याकाळ जाईल. फाइल मिळाली तर त्याच नऊ जणांना पुन्हा द्या आणि जुने-नवे एडिट शेजारी ठेवून काकांना दाखवा.

कॅमेरा कुठला आहे आणि रिकामं केल्यावर कार्डावर किती फोटो काढले गेले, तेवढं कळवा. मी रात्री पुन्हा बघते.