अंगठी द्या, पण त्याच बैठकीत आपलीही घ्या

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तासगावात बहिणीचा साखरपुडा झाला, चार महिन्यांनी मुलानेच नकार कळवला आणि आता त्याच्या घरचे अंगठी मागतायत. बहीण म्हणते, मोडलं त्यांनी, मग अंगठी माझी. माझं मत विचाराल तर द्या. पण तुम्ही मुलाला घातलेली अंगठी त्याच बैठकीत हातात पडली पाहिजे.

आम्ही साताऱ्याचे. सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलाचं ठरलेलं मोडलं. आम्ही मुलाकडचे, नकारही आमचाच, आणि तरी अंगठीसाठी पहिला फोन मीच लावला. पलीकडून मुलीची आई एवढंच म्हणाली, "साडी तिने नेसलीय, धुऊन देऊ का?" मला काही बोलताच येईना. म्हणून सांगते, दोन्हीकडच्या आयांना यात बोलायला लावू नका. ज्या मध्यस्थाने सुपारी फोडली, त्यालाच परत बोलवा.

कायद्याचं म्हणाल तर साखरपुड्याच्या अंगठीसाठी आपल्याकडे वेगळं कलम नाही. अमेरिकेतल्या अंगठीच्या एका निकालाचं तुम्ही वाचलंत म्हणता, तो मॅसॅच्युसेट्स राज्याचा, 2024 चा. चूक कोणाची ते बघायचं नाही, लग्न झालं नाही तर अंगठी देणाऱ्याकडे, असं तिथे ठरलं. इंग्लंडात 1970 च्या कायद्याने नेमकं उलटं आहे. अंगठी कायमची दिली असंच धरतात, परतीची अट होती हे देणाऱ्याने दाखवायचं. तासगावच्या कोर्टात यातलं काही बांधील नाही. इथे तुमचा वकील मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 काढेल: स्वखुशीने दिलेली वस्तू हातात पडली की बक्षीस पुरं झालं. त्यांचा वकील करार कायदा, 1872 काढेल: लग्न ठरलं म्हणून दिलं, लग्नच नाही तर घेतलेलं परत करा. दोघांनाही बोलायला जागा आहे, आणि पाच ग्रॅमसाठी तारखा खाण्यात अर्थ नाही.

खरी भांडणं होतात ती वजनावर. आमची अंगठी परत आली तेव्हा काट्यावर तीनशे मिलिग्रॅम कमी भरली. दीर लगेच उसळले. सराफाने शांतपणे सांगितलं, मुलीच्या बोटाला सैल होत होती, माप कमी करताना तुकडा कापलाय. त्या हजार-बाराशेच्या तुकड्यापायी दोन घरं अर्धा तास सराफाच्या दुकानात ताटकळली. (तुकडा कुणाकडे गेला ते शेवटपर्यंत कळलं नाही.) त्यामुळे आधीच विचारून ठेवा, माप बदललंय का.

वस्तूच्या बदल्यात वस्तूच द्या-घ्या, रोख नको. पावतीवरच्या आकड्यात मजुरी आणि जीएसटी असतो, आणि भाव तेव्हाचा. आज दहा ग्रॅम लाखाच्या पुढे गेलंय, म्हणजे कुठला भाव धरायचा यावरच बैठक मोडेल. त्यांनी तुमची अंगठी मोडीत घातली असेल तर तेवढ्याच वजनाची, तेवढ्याच कॅरेटची मागा. अलीकडच्या हॉलमार्कच्या दागिन्यावर एचयूआयडी असतो, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक. तो पावतीशी ताडून बघा, म्हणजे अंगठी बदलली का हा संशय तिथेच मिटतो. बैठक एखाद्या सराफाकडेच ठेवा, सांगलीत सराफ कट्ट्यावर चाललं तर उत्तम. काटा तिथेच असतो आणि परक्यासमोर आवाजही चढत नाही.

साडी, पोशाख, ओटी, पेढे, जेवण हे सोडून द्या, दोघांनीही. हॉलचा खर्च नकार देणाऱ्यांकडे मागायला तुम्हाला तोंड आहे, मिळेलच असं नाही. आम्ही तो दिला होता, तोही सासूबाई बोलल्या म्हणून.

याद्यांचा कागद मात्र जपून ठेवा, कुणी काय घातलं ते त्यात असतं. त्यात चेन, गाडी अशी मुलाकडची मागणी लिहिली असेल तर ते प्रकरण वेगळं. हुंडा प्रतिबंधक कायदा, 1961 मध्ये लग्नाआधीची मागणीही येते. ते अंगठीच्या बैठकीत धमकी म्हणून काढू नका, सरळ वकील गाठा. बहिणीला सरकारी विधी सेवेतून वकील मोफत मिळतो, बाईला त्यात उत्पन्नाची अट नाही.

देवघेव झाल्यावर दोन प्रती लिहा: तारीख, दोन्ही अंगठ्यांची वजनं, "यापुढे एकमेकांकडे काही येणं नाही" एवढं एक वाक्य, दोन्हीकडच्या सह्या आणि दोन साक्षीदार. मध्यस्थाची सही विसरू नका.

आणि बहिणीला बैठकीला नेऊ नका, ती स्वतःहून येते म्हणाली तर गोष्ट वेगळी. अंगठी घरीच डबीत घालून घ्या. आमच्या वेळी त्या मुलीला सगळ्यांसमोर बोटातून काढायला लावली होती, आणि ती निघत नव्हती.