गाडीच्या नावाचा परक्या भाषेत भलताच अर्थ निघतो, हे खरं की थापा?

शेव्हरोले नोव्हाचं नाव स्पॅनिशमध्ये 'नो वा', म्हणजे 'चालत नाही', असं वाचलं गेलं आणि तिकडे ती खपलीच नाही, हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. थाप आहे. मेक्सिको आणि व्हेनेझुएलात ती गाडी चांगली खपली. मेक्सिकोची सरकारी तेल कंपनी पेमेक्स तर नोव्हा नावाचं पेट्रोलच विकायची. शिवाय 'नोव्हा'त जोर पहिल्या अक्षरावर येतो, 'नो वा'त शेवटच्या. शाळेतून पालकसभेची चिठ्ठी आली म्हणून आपण भाजीची जुडी घेऊन जातो का?

पण मित्सुबिशी पजेरोची गोष्ट शंभर टक्के खरी. मी ती नाशिक फाट्याच्या सिग्नलवर शिकलो. स्पेनहून आलेल्या एका इंजिनियरला चाकणला नेत होतो. पुढे पांढरी पजेरो, मागे स्टेपनीच्या कव्हरवर मोठ्या अक्षरांत नाव. गडी आधी खुदकन हसला, मग मोबाइल काढून फोटो घ्यायला लागला. मी म्हटलं, काय झालं? त्यानं आमच्या ड्रायव्हरकाकांकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि हातानंच खूण करून सांगितलं. सभ्य मराठीत सांगायचं तर हस्तमैथुन करणारा. आपल्याकडे त्या गाडीतून बडी मंडळी उतरायची, हे त्याला सांगितल्यावर तर तो आवरेचना.

कंपनीचा बिचारीचा हेतू साधा होता. दक्षिण अमेरिकेत एक रानमांजर आहे, त्याच्या शास्त्रीय नावातच 'पजेरोस' आहे. स्पॅनिशमध्ये 'पाहा' म्हणजे वाळकं गवत, गवतात राहणारं ते 'पाहेरो', म्हणजे आपल्या 'पजेरो'चाच स्पॅनिश उच्चार. पण बोलीभाषेत त्याच 'पाहा'चा दुसरा अर्थ आहे, आणि तिथेच घोळ झाला. म्हणून स्पेनमध्ये आणि लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ही गाडी 'माँटेरो' नावानं विकली गेली, ब्रिटनमध्ये 'शोगुन'.

निसानची 'मोको' म्हणजे स्पॅनिशमध्ये शेंबूड, पण ती जपानबाहेर फारशी गेलीच नाही. ह्युंदाईची 'कोना' पोर्तुगालमध्ये 'काउआई' होते. का, ते पोर्तुगीज येणाऱ्या मित्राला विचारा, घरच्यांसमोर नको.

आपल्या टाटांची अडचण मात्र शब्दकोशातली नव्हतीच. 'झिपी कार'वरून त्यांनी 'झिका' नाव घेतलं, मेस्सीला जाहिरातीत आणलं, आणि नेमका झिका विषाणू पसरला. 1 फेब्रुवारी 2016 ला जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी कंपनीनं नाव बदलणार म्हणून सांगितलं, पण ऑटो एक्स्पोत गाड्या जुन्याच नावानं उभ्या होत्या. मग लोकांकडून मतं मागवली. शेवटच्या तिघांत सिव्हेट, अडोर आणि टियागो. टियागो जिंकलं. सिव्हेट म्हणजे उदमांजर, म्हणजे पुन्हा मांजरच.